पुण्याभोवतीच्या धरणांचे काठ: दिवाळीनंतर कुठे जाता?

मावळवारा

जुलै-ऑगस्टमधल्या कुठल्याही रविवारी दुपारी खडकवासला चौपाटीवर पाण्यापेक्षा गाड्या जास्त दिसतात. कणीस, कांदाभजी, भिंतीच्या बाजूला फोटो आणि मग परत येताना सिंहगड रस्त्यावर तासभर खोळंबा. बहुतेकांचं धरण बघणं इथंच संपतं. पुढचे आठ-नऊ महिने त्या काठांकडे कुणी फिरकत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. धरणाकाठी जायचा खरा मोसम पावसाळा नव्हे. तो आत्ता, फराळाचे डबे रिकामे झाले की सुरू होतो आणि होळीपर्यंत टिकतो.

पावसात पाणी गढूळ असतं, काठ निसरडे असतात, सांडव्यातून विसर्ग चालू असतो आणि डोंगर ढगात बुडालेले असतात. ऑक्टोबर सरला की गाळ खाली बसून पाणी निवळतं. धरणं भरलेली असतात, पण पाणी वाढत नसतं. हवा धुतल्यासारखी होते आणि खडकवासल्याच्या काठावरून सिंहगडाच्या कड्याची रेघन् रेघ दिसते. शिवाय थंडीचे पाहुणे पक्षी यायला लागतात, ते वेगळंच.

नवीन लोकांसाठी थोडं भूगोलाचं. पुण्याला पाणी देणाऱ्या साखळीत चार धरणं आहेत. मुठेवर टेमघर (३.७१ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट पाणी), मोसीवर वरसगाव (१२.८२), आंबीवर पानशेत (१०.६५) आणि या तिन्हींचं पाणी घेणारं खाली खडकवासला (१.९७). गंमत अशी की सगळ्यांत प्रसिद्ध खडकवासला सगळ्यांत लहान आहे. पण वरच्या धरणांतून त्यात पाणी येत राहतं, म्हणून ते उन्हाळ्यातही एकदम उघडं पडत नाही. पानशेत-वरसगाव मात्र हळूहळू उतरत जातात आणि एप्रिलपर्यंत काठाला लाल मातीचे रुंद पट्टे पडतात. म्हणजे पानशेतकडे जायचं तर नोव्हेंबर ते जानेवारी. खडकवासल्याला पुढेही चालेल.

माझा आवडता भाग खडकवासल्याचा उत्तर काठ. चौपाटी सोडून द्या. कोंढवे-धावडे गाठा आणि कुडजे, आगळंबे, मांडवी करत सांगरुणपर्यंत जा. रस्ता कधी पाण्याजवळ येतो, कधी भातखाचरांतून आत वळतो. सुरुवातीचा बराच काठ एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) हद्दीत आहे. तिथे उतरायचं नाही, फोटोही काढायचे नाहीत. ही हद्द सांभाळली गेल्यामुळेच तिकडची झाडी अजून टिकून आहे, हेही खरं.

दक्षिणेकडून गोऱ्हे, खानापूर, मालखेड करत पानशेतला जाणारा रस्ता जास्त वापरातला. या बाजूला रिसॉर्ट आणि फार्महाऊस भरपूर झालेत. पाण्यापर्यंत जायची वाट बऱ्याच ठिकाणी खासगी जमिनीतून आहे, त्यामुळे विचारल्याशिवाय फाटक उघडून आत जाऊ नका. चहाच्या टपरीवर विचारलं की "तिकडनं जा, आमचंच रान हाय" असं सांगणारं कुणीतरी भेटतंच.

दिवस कसा घालवायचा? उजाडताना पोचावं. थर्मासमध्ये चहा, एक चटई, दुर्बीण असेल तर उत्तम. दोन तास काठाकाठानं चालावं, मग सावली धरून बसावं. जेवण सोबत नेण्यापेक्षा गावात आधी सांगून ठेवावं: पिठलं, भाकरी, ठेचा, आणि कुणी दिलं तर नव्या इंद्रायणीचा भात. आणि उन्हं कलायच्या आत परत फिरावं. दुपारनंतर तिकडं जाणाऱ्यांची गर्दी वाढते आणि आपल्याला शांतताही मिळत नाही, रस्ताही मिळत नाही.

पाण्यात उतरायचं नाही. यावर खाली कुणीतरी वाद घालणार हे मला ठाऊक आहे. जरूर घाला, मी उत्तर देईन.

तुमचे काठ कोणते? भिगवण, पवना, मुळशी, पाषाण, कासारसाई, भाटघर, सगळ्यांबद्दल लिहा. फक्त "मस्त जागा आहे" एवढंच नको. कोणत्या महिन्यात, कोणत्या बाजूनं, काय दिसतं ते लिहा.

---

टिबुकली

वा, या धाग्याची वाट बघत होते. मी भिगवणवर लिहिते, म्हणजे उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर.

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. साठा सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे वरच्या चारही धरणांच्या जवळजवळ चौपट. पण त्यातला ६३ टीएमसीहून जास्त साठा मृतसाठा (वापराच्या हिशेबात न धरलेलं तळाचं पाणी) धरला जातो, म्हणून उन्हाळ्यात "उजनी मायनसमध्ये गेली" अशा बातम्या येतात. पक्ष्यांच्या दृष्टीनं या उतरत्या पाण्यातच सगळी मजा आहे. जमीन सपाट असल्यामुळे पाणी थोडं उतरलं तरी दूरवर चिखल आणि उथळ पाणी उघडं पडतं. रोहित पक्ष्यांना (फ्लेमिंगो) नेमकं तेच हवं असतं. म्हणून नोव्हेंबरमध्ये जाऊन "रोहित दिसले नाहीत" अशी तक्रार करू नका. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत जा.

डिसेंबरमध्ये गेलात तरी रिकाम्या हातानं येणार नाही. पट्टकादंब, चक्रवाक, चित्रबलाक, चमचे, शेकाट्यांचे थवे, आणि नशीब असेल तर मासा पायात धरून उडणारा कैकर. पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात. त्यांना हरभऱ्याच्या रानाजवळ चरताना बघितलं की पाच मिनिटं कुणी काही बोलत नाही.

पुण्याहून सोलापूर रस्त्यानं साधारण शंभर किलोमीटर. रेल्वेनंही भिगवण स्टेशन गाठता येतं. कुंभारगाव आणि डिकसळकडे बोटी मिळतात. बोट चालवणारे बहुतेक मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतलेच आहेत आणि पक्षी त्यांना आपल्यापेक्षा लवकर दिसतात. दोन गोष्टी आधीच ठरवून घ्या. लाइफजॅकेट सगळ्यांना मिळालं पाहिजे, आणि थव्याजवळ गेल्यावर मोटर बंद करून बांबूनं बोट पुढे न्यायची. रोहित उडवून फोटो काढायचा आग्रह धरणारे पर्यटक असतात. बोटवाल्याला पैसे मिळत असतात म्हणून तो नाही म्हणत नाही. आपणच म्हणावं. सारखं उडवलं की त्यांचं खाणं बंद पडतं.

जेवणाला चिलापी फ्राय किंवा मरळीचं कालवण. शाकाहारींनाही घरगुती जेवण मिळतं, आधी फोन करा.

---

सिंहगडरोडकर

मावळवारा, मनापासून अनुमोदन. आम्ही इथं राहणारे. रविवारी संध्याकाळी रुग्णवाहिका अडकलेली बघितली की जीव तुटतो. पहाटे जा, बसनं जा. स्वारगेटहून खडकवासल्याकडे पीएमपी आहे.

---

नीलांबर_कोथरूड

धागा आवडला, पण पाण्यात उतरायचं नाही हे सरसकट पटत नाही. मी लहानपणापासून पोहतो. जगभर तलावांत लोक पोहतात. आपल्याकडे एखादा अपघात झाला की थेट बंदीचा फलक. ज्याला येतं त्यानं का पोहू नये?

---

मावळवारा

@नीलांबर, विचारलंत ते बरं झालं.

टाकीतलं पोहणं आणि धरणातलं पोहणं यात फरक तळाचा आहे. धरणाचा तळ म्हणजे बुडालेली दरी. तिथं जुन्या शेतांचे बांध आहेत, ओढ्यांची पात्रं आहेत, विहिरी आहेत, झाडांचे बुंधे आहेत. गुडघाभर पाण्यातून चालता चालता पुढचं पाऊल थेट पुरुषभर खोलीत पडू शकतं. काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत पाय रुततो. रुतलेला पाय सोडवायच्या धडपडीत दमलेला माणूस कितीही चांगला पोहत असला तरी बुडतो. जिथं पट्टीचे पोहणारे गेलेत तिथं बहुतेकदा पोहणं कमी पडलेलं नसतं. जागा माहीत नसते.

दुसरं म्हणजे मदत. जिथं लोक तलावात सुरक्षित पोहतात तिथं आखून दिलेली हद्द असते, खोली मोजलेली असते, जीवरक्षक बसलेला असतो. आपल्या काठांवर यातलं काही नाही. ते झालं तर मी सगळ्यांत आधी तिकीट काढीन. तोपर्यंत माझं मत बदलणार नाही.

आणि तिसरं, हे पिण्याचं पाणी आहे. तुमच्या-माझ्या नळाला येणारं.

---

आंबीकाठ

मी पानशेतच्या बाजूचा. नोकरीसाठी पुण्यात असतो, शनिवारी गावी जातो. गावाकडची बाजू सांगतो.

आमच्या आजोबांची भाताची जमीन धरणात गेली. भावकीतल्या काहींना दौंडकडे जमिनी मिळाल्या, काही वरच्या अंगाला सरकून इथंच राहिले. त्यामुळे पाणी उतरतं तेव्हा आमच्यातली म्हातारी माणसं काठावर उभी राहून कुठं कुणाचं घर होतं ते दाखवतात. तुम्हाला ऐकायचं असेल तर बसा त्यांच्याजवळ, आवडीनं सांगतात.

आलेल्या माणसांचा आम्हाला राग नाही. चार पैसे मिळतात, बायकांच्या बचतगटांना जेवणाची कामं मिळतात. त्रास होतो तो तीन गोष्टींचा. पहिली, बाटल्या. खाचरात फुटलेली काच चिखलणीच्या वेळी पायात जाते, बैलाच्या खुरात जाते, आणि ती वेचून काढता येत नाही. दुसरी, रात्री उशिरापर्यंत लावलेले स्पीकर. पाण्यावरून आवाज लांब जातो. पलीकडच्या काठाला वाजवलेलं आमच्या घरात ऐकू येतं. तिसरी, अरुंद रस्त्यावर लावलेल्या गाड्या. एसटी अडली की शाळेची पोरं अडतात.

आणि कृपा करून सांडव्याच्या किंवा नदीच्या पात्रात बसू नका, पाणी कमी दिसलं तरी. वरून कधी सोडतील ते तिथं बसलेल्याला कळत नाही. भोंगा वाजतो, पण बोलण्यात गुंग असलेल्यांना तो ऐकू येत नाही.

---

ओवीची आई

लहान मुलं घेऊन इतकं लांब जमत नाही. आमच्यासारख्यांना पाषाण तलाव आहे हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. रामनदीवरचा ब्रिटिशकालीन तलाव. बांधावरून चालायला वाट आहे. सकाळी सात ते नऊ मुलांना घेऊन जा. वंचक, पाणकावळे, जांभळ्या पाणकोंबड्या, कवड्या खंड्या एवढं तर सहज दिसतं. जलपर्णी फार माजते, नदीतून सांडपाणी येतं, हे सगळं खरं आहे आणि त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण शहरातल्या मुलाला दुर्बिणीतून पहिला पक्षी दाखवायला याहून सोपी जागा नाही. माझ्या लेकीला खंड्या हवेत एका जागी फडफडत थांबून पाण्यात सूर मारतो ते तिथंच दिसलं. आता ती वहीत नावं लिहून ठेवते.

---

टिबुकली

@ओवीची आई, तो कवड्या खंड्याच. हवेत असा थांबून सूर मारायची त्याची खास सवय. लेकीला माझ्याकडून शाबासकी सांगा. वहीत तारीख आणि वेळही लिहायला सांगा, दोनतीन वर्षांनी तिला त्यातून बरंच काही कळेल.

---

जुना शनिवारी

वयाची पंच्याहत्तरी ओलांडली आहे, त्यामुळे काठावर जाणं आता मुलांच्या गाडीतूनच. पण खडकवासल्याचं नाव निघालं आणि राहवलं नाही.

आताची भिंत बघून अनेकांना वाटतं की हे सगळं तसंच्या तसं इंग्रजांच्या काळापासून आहे. मूळ धरण १८७० च्या दशकात बांधलं, इंग्रज त्याला लेक फाइफ म्हणत. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेत फुटलं, तो लोंढा खडकवासल्यावर आला आणि तेही फुटलं. आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्याच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. आम्ही मुलं पर्वतीकडे नेली गेलो. पुढे दोन्ही धरणं पुन्हा उभी राहिली. पानशेतची भिंत आज मातीची, गवतानं झाकलेली, शांत दिसते. तिथं गेलात तर त्या सकाळची आठवण ठेवून या, एवढंच मागणं.

त्याआधी लहान असताना वडील आम्हाला सायकलवर खडकवासल्याला न्यायचे. डब्यात गूळपोळी, काठाला चिंचेची सावली. दिवसभर दुसरं माणूस दिसायचं नाही.

---

मावळवारा

काका, वेळ मिळेल तसं याबद्दल वेगळा धागा काढा ना. खूप जणांना वाचायचं आहे.

---

मुळशीची लेक

मुळशीबद्दल माहेरवाशीण म्हणून लिहिते. पौडच्या पुढे ताम्हिणीकडे जाताना डाव्या-उजव्या हाताला जे पाणी दिसत राहतं ते टाटांचं धरण. पुण्याला यातलं पिण्याचं पाणी येत नाही. ते उलट पश्चिमेला वळवून भिऱ्याला सोडतात आणि उतारावर वीज तयार करतात. याच धरणासाठी जमिनी जाणार म्हणून १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला. पुढे त्याचं नेतृत्व करणाऱ्या पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' हे नाव इथूनच मिळालं. आमच्या घरात ही गोष्ट आजी सांगायची.

जायचं तर पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी ताम्हिणीचा रस्ता टाळा. डिसेंबरमध्ये सकाळी लवकर धुकं पाण्यावर असतं, ते नऊपर्यंत विरतं. धबधबे तेव्हा आटलेले असतात, पण जंगल हिरवं असतं आणि रस्ता मोकळा. शेकरू बघायचं असेल तर ताम्हिणीच्या रानात वर नजर ठेवून चाला.

---

वल्हेकर

पाण्यात उतरू नका हे मान्य. पाण्यावर मात्र जावं, असं माझं मत. कॉलेजात असताना संगमाजवळ नदीत वल्हवायला शिकलो आणि ते वेड सुटलं नाही. पुण्याचं रोइंगशी जुनं नातं आहे. सीओईपीची (पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची) रिगाटा, म्हणजे नावांचा जलोत्सव, कित्येक पिढ्या चालत आली आहे. दापोडीच्या सीएमईमध्ये (लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात) लष्कराचं रोइंग केंद्र आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ तिथंच घडला. दुष्काळी गावातला, विहिरी खणणारा मुलगा २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्सला (एकट्यानं दोन वल्ही मारायच्या शर्यतीत) तेरावा आला. २०१८ च्या एशियाडमध्ये चौघांच्या नावेत सुवर्ण. पाण्याची सवय जन्मापासून लागते असं नाही, हे त्यानं दाखवलं.

आता पवना आणि पानशेतच्या बाजूला कयाक मिळतात. घेण्याआधी बघा: जॅकेटचे पट्टे शाबूत आहेत का, शिट्टी आहे का, मालकाकडे स्वतःची सोडवायला जाणारी बोट आहे का. तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर पैसे परत घ्या.

आणि वारा. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दुपारी बदलतं. एप्रिल-मेमध्ये वळवाचा वारा दहा मिनिटांत उठतो. मे २०२४ मध्ये उजनीत कुगावहून कळाशीला जाणारी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली, सहा जीव गेले. पश्चिमेला ढग काळे दिसले की काठाला या, पैसे वसूल करायच्या नादात थांबू नका.

---

चाकोरी

पवनेला तंबूत राहायचा विचार आहे. पाच-सहा मित्र. कुणी सांगेल का?

---

वल्हेकर

@चाकोरी, डिसेंबर-जानेवारी उत्तम. तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर असे चार किल्ले आसपास आहेत, त्यामुळे नुसते तंबूत लोळू नका. पहाटे उठून तिकोना करा. वरून पवनेचा सगळा पसारा दिसतो. थंडी बरीच असते, पाण्याजवळचा तंबू पहाटे ओला होतो, म्हणून काठापासून थोडा वर, उंचावट्यावर लावलेला घ्या. शनिवारी तिथं गाणीबजावणी असते, जमल्यास मधल्या वाराला जा. आणि मित्रांपैकी कुणी पिऊन पाण्याकडे चाललं तर लाज न बाळगता हात धरून मागे आणा.

---

नीलांबर_कोथरूड

मावळवारा, तुमचा तळाबद्दलचा मुद्दा पटला. बुडालेल्या विहिरींचा मी विचार केला नव्हता. तरी मला वाटतं की निदान एका ठिकाणी तरी खोली मोजून, दोर लावून, जीवरक्षक नेमून पोहायची जागा द्यायला हवी. लोक येणारच आहेत. नुसत्या फलकानं थांबत नाहीत.

एक विचारतो. समोर कुणी बुडत असेल तर काय करायचं?

---

मावळवारा

जागा द्यायला हवी याला माझा पाठिंबा आहे. पिण्याचं पाणी नसलेला तलाव निवडावा, एवढंच.

बुडणाऱ्याकडे उडी मारू नका. एकाच घरातली दोन-तीन माणसं जातात ती अशानंच, एकामागून एक वाचवायला गेल्यामुळे. काठावर पालथं झोपा आणि काठी, ओढणी, साडी, पट्टा जे असेल ते फेका. गाडीत पाच लिटरचा रिकामा, घट्ट झाकणाचा कॅन आणि त्याला बांधलेला पंधरा-वीस मीटर दोर कायम ठेवा. कॅनमध्ये तळाशी थोडं पाणी घातलं की तो लांब फेकता येतो आणि तरंगतोही. त्याच वेळी दुसऱ्यानं ११२ लावायचा आणि तिसऱ्यानं गावात पळायचं. पाण्याची माहिती असलेली माणसं तिथंच असतात.

---

आंबीकाठ

बरोबर. आमच्याकडे बोलवायला आलात तर कातकरी वस्तीवर आधी जा. त्यांच्याइतकं पाणी कुणाला कळत नाही.

गळ टाकायची हौस असलेल्यांसाठी: धरणातली मासेमारी सहसा मच्छीमार संस्थेकडे ठेक्यानं असते. त्यांना विचारून बसा. विचारलं तर कुणी हाकलत नाही.

---

चाकोरी

धन्यवाद सगळ्यांना. पवना गुरुवार-शुक्रवार ठरवलं. कॅन आणि दोर घेतोय. मधल्या वाराला जेवणाची सोय गावात होईल ना, की सोबत न्यावं लागेल?

---

वल्हेकर

आदल्या दिवशी दुपारपर्यंत माणसं किती ते कळवा, म्हणजे त्यांना दळण-भाजीचा अंदाज येतो. सकाळच्या पोह्यांचंही तेव्हाच सांगून ठेवा. रोख पैसे न्या, तिकडं रेंज जाते-येते.